रद्द न झालेलं विमान

किल्ली द्यायला गेला होता माणूस. एवढंच काम. किल्ली द्यायची, चार शब्द बोलायचे आणि जेवायला परत. बायकोलाही तेवढंच सांगून निघाला होता, "ताटं घ्यायला लाग, मी आलोच."

मोबाईल खाली ठेवा आधी. लाईट काही लवकर येत नाही, मघाशी ट्रान्सफॉर्मरचा आवाज तुम्हीही ऐकलात. आणि त्या कठड्यावर कोणी बसू नका. गोष्टीतला माणूस पडला तर चालतं, गच्चीवरून तुमच्यातलं कोणी पडलं तर तुमच्या आयांना तोंड मलाच द्यावं लागेल.

गोष्ट तरी कशी म्हणू? घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं तो रोज सकाळी दूध आणायला माझ्या लॉन्ड्रीवरून जातो, तुम्ही सगळे त्याला ओळखता. पण त्याला जाऊन काही विचारायचं नाही, हे आधी कबूल करा. तो आधीच मान खाली घालून चालतो. ती आणखी खाली जायला नको.

गेल्या नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार. अमावास्या होती असं सांगून तुम्हाला घाबरवता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू? पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती, बाहेर स्वच्छ चांदणं होतं. गार वारा होता. आमचा उशीरराव स्कूटर काढून जुन्या विमानतळाकडे निघाला, तेव्हा आठ वाजून गेले होते.

हो, तोच उशीरराव. तिकिटांचं दुकान आहे ना त्याचं, स्टँडच्या समोर? खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही, शंका आहे. आणि हे नाव त्याला फुकट पडलेलं नाही, त्यानं ते कमावलेलं आहे.

तुमच्यातल्या निम्म्यांचा विश्वास बसणार नाही, पण आपल्या गावाला एकेकाळी विमान होतं. स्वतःचं! गावात एक ट्रकवाले शेठ होते. मोठ्या शहराला जायला बसनं अख्खा दिवस मोडायचा आणि कमरेचा काटा ढिला व्हायचा. एक दिवस शेठच्या डोक्यात आलं की आपण विमान कंपनी काढायची. लोक म्हणाले, याला वेड लागलं. शेठ म्हणाले, "माझा माल चार दिवस उशिरा पोचला तर काही बिघडत नाही. माणूस वेळेवर पोचला पाहिजे." आणि काढली की हो कंपनी. पंख्याची दोन लहान विमानं आणली. मोठ्या विमानाला सगळे थोरली म्हणायचे, दुसऱ्याला धाकटी. घरातल्या सुनाच जणू.

सुरुवातीचे दिवस काय सांगू तुम्हाला! रविवारी कुंपणाला ही गर्दी. विमान उतरायच्या आधी जीप भोंगा वाजवत धावपट्टीवरची कुत्री हाकलायची, त्यालाही लोक टाळ्या वाजवायचे. विमान लहान, म्हणून बॅगेबरोबर माणसाचंही वजन करायचे आणि कोणी कुठे बसायचं ते त्यावर ठरायचं. गावातला एक जाडजूड व्यापारी काट्यावर चढण्याआधी चपला काढायचा, घड्याळ काढायचा, पट्टासुद्धा काढायचा. तरी त्याला दर वेळी मधेच बसवायचे. कंपनीचे आकाशी शर्ट माझ्याकडे इस्त्रीला यायचे. ते शिवायची आपल्या मागच्या गल्लीतली शिवणमावशी. खुर्च्यांना डोक्याजवळ पांढरी कापडं लावतात ना, तीही तिच्याच हातची. आम्हा दोघांना वाटायचं, अर्धी कंपनी आपलीच आहे.

आणि विमानतळावरचा कंपनीचा साहेब म्हणजे उशीरराव. तिकीट तोच फाडणार, वजन तोच करणार, माईकवर घोषणा तोच करणार. आवाज काय होता त्याचा! एकदम रेडिओवरचा. तर, खिडकीशेजारी एक लाकडी फळा होता. त्यावर विमानाची वेळ लिहायची आणि खाली खिळ्याला एक पाटी अडकवायची. पाट्या तीनच होत्या. 'वेळेवर', 'उशीर' आणि 'पोचलं'. पेंटरनं विचारलं होतं, चौथी नको का, 'रद्द'ची? शेठ भडकले. "तसली अभद्र पाटी माझ्या कंपनीत नको." त्यामुळे आमच्या कंपनीत विमान कधी रद्दच व्हायचं नाही. पाऊस पडला, उशीर. पायलट आजारी पडला, उशीर. विमान दुसऱ्याच गावी बंद पडून बसलंय, तरी उशीर. उशीरराव मला एकदा गमतीनं म्हणाला होता, "अण्णा, रद्द म्हटलं की लोक तिकिटाचे पैसे मागतात. उशीर म्हटलं की चहा मागतात. चहा स्वस्त पडतो." आम्ही दोघंही तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता ते हसणं आठवलं की मला माझीच लाज वाटते.

पुढे दिवस फिरले. हायवे रुंद झाला, बस भराभर पोचायला लागली, तेलवाल्यांनी तेल देताना हात आखडता घेतला. थोरलीचं इंजिन गेलं, ती उभीच राहिली. मग तिच्या अंगावरचं एकेक काढून धाकटीला घालायला लागले. आज चाक, उद्या काच, परवा खुर्च्या. आम्हाला दिसत होतं सगळं. पण फळ्यावर पाटी कुठली? 'उशीर'.

तो शेवटचा दिवस. त्याला दहाएक वर्षं झाली. गुरुवार होता.

मावशीचा भाऊ मोठ्या शहरातल्या दवाखान्यात होता. शेवटचे तास मोजत होता. सकाळी निरोप आला, ताईला बघायचंय म्हणतोय. मावशी सकाळच्या बसला निघाली होती, पण वाटेत उशीररावानंच तिला थांबवलं. "मावशी, बसनं संध्याकाळ होईल. दुपारच्या विमानानं जा, पाऊण तासात पोचाल. आमची एवढी कापडं शिवलीत, तिकीट माझ्याकडून." खरंच मनापासून म्हणाला होता, त्यात खोट नव्हती. मावशी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होती. धुवट पातळ नेसून, पिशवी मांडीवर घेऊन विमानतळाच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसली.

दुपारी उशीरराव डबा उघडत होता आणि शेठच्या ऑफिसातून फोन आला. धाकटी उडणार नाही. आज नाही आणि पुढेही नाही. कंपनी संपली. पण कोणाला बोलू नका, उद्या शेठ स्वतः सांगतील. तोवर उशीर सांगा.

त्यानं डबा मिटला. माईक घेतला. उशीर सांगितला.

बाकीचे प्रवासी पक्के होते, त्यांना वासावरून कळलं. तासाभरात सगळे शिव्या घालत, गाड्या करून निघून गेले. मावशी तेवढी राहिली. तिचा भरवसा होता ना! मधूनमधून उठायची, खिडकीशी यायची आणि हळूच विचारायची, "काही कळलं का, साहेब?" उशीरराव सांगायचा, "येतंय मावशी, थोडा उशीर आहे." ती "बरं" म्हणून जागेवर जायची.

चारची बस विमानतळाच्या फाटकावर थांबायची. त्या दिवशीही थांबली. काचेतून समोर दिसत होती. मावशी उठली. "साहेब, बस धरू का?"

आणि हा माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "कशाला मावशी? विमानच आधी पोचेल."

का म्हणालास रे बाबा, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, सवय. दुसरं काही नाही. तोंड उघडलं आणि तेच बाहेर पडलं. मग बस गेली, आणि बस गेल्यावर खरं कुठल्या तोंडानं सांगणार?"

दिवस मावळायला लागला तसा त्याला तिच्यासमोर बसवेना. त्यानं टाय काढून खिशात कोंबला आणि मागच्या दारानं बाहेर पडला. कुलूप घालताना काचेतून आत नजर गेली. मावशी त्याच्याकडेच बघत होती. तिनं हात वर केला. तिला वाटलं, साहेब विमानाचं विचारायला चाललेत. या विचारून, असा हात केला तिनं.

तो गेला. परत आलाच नाही.

मावशी अंधार पडेपर्यंत बसली आणि मग एकटी चालत गावात आली. भाऊ मध्यरात्री गेला. शेवटपर्यंत शुद्धीत होता म्हणे, सारखा विचारत होता, ताई आली का. चारची बस त्या दिवशी नवाच्या आत पोचली होती.

तेव्हापासून उशीररावाचं सगळं बिनसलं. मावशीच्या गल्लीतून जायचं टाळायला लागला. ती बाजारात दिसली की हा दुसऱ्या बोळात. मावशीनं कधी कोणाकडे तक्रार केली नाही, मलाही नाही. एकदा भाजीच्या गाडीवर दोघं समोरासमोर आली. पळायला जागाच नव्हती. मावशी म्हणाली, "बरं आहे ना, साहेब?" एवढंच. त्यापेक्षा तिनं चार लोकांत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं तो म्हणतो.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. सगळी गल्ली खांदा द्यायला होती. उशीरराव घरात पांघरूण घेऊन पडला होता. बायकोला म्हणाला, ताप आहे. तिनं कपाळाला हात लावून बघितला आणि बाहेर गेली. ताप कुठला? तिला काय कळत नव्हतं?

तर, आता त्या मंगळवारावर या.

विमानतळाची ती इमारत एका ठेकेदारानं घेतली होती. त्याला ती पाडून गोदाम बांधायचं होतं. मागच्या दाराची किल्ली अजून उशीररावाकडेच होती, हे त्याला कुठून तरी कळलं. फोन आला, "उद्या पहाटे मशीन येणार आहे, साहेब. त्याआधी मागचं दार न फोडता काढून घ्यायचंय. आज रात्री किल्ली द्याल का? मी साइटवरच भेटतो." नाही कसं म्हणणार? दहा वर्षं ज्या रस्त्याकडे बघितलंही नाही, त्या रस्त्यानं हा निघाला.

पोचला तर तिथं कोणीच नाही. फाटकाला साखळी नुसती गुंडाळलेली. दोन-तीन कुत्री गुरगुरत होती. यानं फोन लावला. ठेकेदार म्हणाला, "निघालोच आहे, साहेब. थोडा उशीर होतोय. कुत्री चावरी आहेत, तुम्ही आत बसा. पुढचं दार उघडंच आहे."

थोडा उशीर होतोय! उशीरराव स्वतःशीच कसनुसा हसला. आता आपली पाळी, म्हणाला.

आत गेला. लाईट नव्हतीच. पण काचांमधून चांदणं आत आलं होतं, सगळं दिसत होतं. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा तशाच. तिकिटाची खिडकी तशीच. फळ्यावर पाटीही तशीच लटकत होती. 'उशीर'. त्या दिवशी तो काढायची विसरला होता.

त्यानं नजर दुसरीकडे वळवली. रुमालानं पुढच्या रांगेतली एक खुर्ची पुसली आणि बसला. थोड्या वेळानं पुन्हा फोन केला. "आलोच, साहेब. अर्ध्या तासात." मग बायकोचा फोन आला, ताटं गार झाली म्हणून. तिला म्हणाला, "जेवून घे." फोन खिशात ठेवला.

शांत होतं.

मग खुर्ची वाजली.

प्लास्टिकची खुर्ची, आणि बसलेल्या माणसानं जरा कूस बदलली की कशी वाजते? तशी. हा स्वतः हललाही नव्हता. त्याला वाटलं, उंदीर असेल. एवढी वर्षं बंद पडलेली जागा…

पुन्हा वाजली. मागच्या रांगेत.

त्याची मान वळेना. समोरच्या काचेत मागचं प्रतिबिंब दिसलं असतं. त्यानं काचेकडे बघितलंच नाही.

कोणीतरी उठलं. पातळाचा आवाज आला. मग चपलांचा. हळू. म्हातारं माणूस चालतं तसा. पाच-सहा पावलं… आणि थांबला. त्याच्या पाठीशी.

"काही कळलं का, साहेब?"

आवाज ओळखायला वेळ लागला नाही.

आणि पोरांनो, खरी लाज पुढेच आहे. भीतीनं तो जागचा हलला नव्हता. तरी त्याचं तोंड उघडलं. त्यानं उघडलं नाही, आपोआप उघडलं. आणि तोच रेडिओवरचा आवाज बाहेर पडला, "येतंय मावशी, थोडा उशीर आहे."

"बरं."

चपला मागे गेल्या. खुर्ची वाजली.

तो तसाच बसून राहिला. मला सांगताना त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. म्हणाला, "अण्णा, मेलेल्या माणसाशीसुद्धा मी खोटं बोललो. तेही न अडखळता."

मग तो उठला. कुठे गेला असेल? मागच्या दाराकडे. किल्ली हातातच होती. कुलूप पहिल्या फटक्यात उघडलं. दार ढकललं. बाहेर चांदण्यात धावपट्टी पसरलेली, गवतानं भरलेली. एक पाऊल टाकलं की सुटला.

आतून आवाज आला.

"साहेब… बस धरू का?"

तो थांबला.

एक पाय आत होता, एक बाहेर. वारा तोंडावर येत होता. त्याला आता भीती वाटत नव्हती, असं तो म्हणतो. नुसती शरम वाटत होती. इतकी, की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. इतकी वर्षं ही बाई जीव टांगणीला लावून बसली, आणि आपण पुन्हा त्याच दारात. पुन्हा तेच.

त्यानं पाय आत घेतला. दार लावलं. फळ्यापाशी गेला आणि ती पाटी काढली. दुसरी कुठली लावणार? नव्हतीच. फळा तसाच मोकळा ठेवला. मग रांगेकडे तोंड केलं. डोळे जमिनीवर. म्हणाला,

"मावशी… विमान येणार नाही. रद्द झालंय."

काही नाही.

"मला दुपारीच कळलं होतं. बस समोर उभी होती, तेव्हाही माहीत होतं. मी तुम्हाला… मीच तुम्हाला जाऊ दिलं नाही."

त्यानं हात जोडले.

"मी माफी मागायच्या लायकीचा नाही, मावशी."

बराच वेळ गेला. किती, ते त्यालाही सांगता येत नाही. त्याला वाटलं, ऐकून ती गेली असेल. संपलं असेल.

मग अगदी हळू…

"मग चारची मिळेल का हो अजून?"

…

तुम्ही काय उत्तर दिलं असतं? रागावली नाही. शिव्या नाहीत, शाप नाही. तिला भावाकडे जायचं होतं, बस्स. तिच्या लेखी अजून दुपारच होती.

उशीरराव त्या रिकाम्या हॉलमध्ये उभ्या-उभ्या ढसाढसा रडला. मग डोळे पुसले. म्हणाला, "चला मावशी. मी सोडतो स्टँडवर."

तो पुढे चालला. मागे चपलांचा आवाज. दार, पायऱ्या, फाटक. कुत्री एका बाजूला जाऊन गप्प उभी राहिली. त्यानं स्कूटर स्टँडवरून काढली, बसला आणि वाट बघितली. मागे कोणी बसलं की स्कूटर जरा दबते. ती दबली नाही. त्याला वाटलं, चला, नाहीच कोणी. मग किक मारली आणि गाडी हलली तशी… पाठीमागे शर्ट ताणला गेला. दोन्ही बाजूंनी. कमरेच्या वर.

पहिल्यांदाच स्कूटरवर बसलेलं माणूस धरतं ना घाबरून? तसा.

त्यानं वेग वाढवला नाही. खड्डा आला की सांगायचा, "मावशी, खड्डा आहे." रस्त्याला चिटपाखरू नव्हतं. आणि तो बोलत राहिला. फोनचं सांगितलं. टायचं सांगितलं. त्या खोट्या तापाचंही सांगितलं. जे स्वतःच्या बायकोला कधी बोलला नव्हता, ते सगळं रस्त्याकडे बघत मोठ्यानं बोलला. मागून हूं की चूं नाही. पकड मात्र तशीच. घट्ट.

स्टँड आला. सगळं सामसूम. चारची बस जिथं लागायची तिथंच त्यानं स्कूटर उभी केली. "मावशी, आलं स्टँड."

पकड सुटली नाही.

"उतरा, मावशी."

नाही सुटली.

तेव्हा त्याला कळलं. त्या दिवशी तो तिला बसवून निघून गेला होता ना! ती आता त्याच्या शब्दावर उतरेल कशी? बस डोळ्यांना दिसेपर्यंत नाही.

मग तो बसून राहिला. त्याच स्कूटरवर, तसाच, पाय टेकून. रात्रभर. पाठ ताठ, मान समोर. खिशात फोन वाजत होता. आधी ठेकेदार, मग बायको, मग पुन्हा बायको. त्यानं उचलला नाही. एकदाही मागे वळून बघितलं नाही. पाय बधिर झाले. थंडीनं दात वाजायला लागले. "आज मी आधी जाणार नाही, मावशी," असं मधून मधून म्हणत होता. तिला म्हणत होता की स्वतःला, देव जाणे.

उजाडायच्या सुमाराला मोठ्या शहराची पहिली गाडी आत आली. दिवे लावलेली, रिकामी. दार उघडलं. कंडक्टर जांभई देत खाली वाकला. "काका, येताय का?"

उशीरराव म्हणाला, "मी नाही."

कंडक्टरनं इकडे-तिकडे बघितलं. दुसरं कोणीच नव्हतं. पण त्यानं लगेच दार ओढलं नाही. म्हातारं माणूस चढत असलं की थांबतात तेवढा थांबला. का थांबला, ते त्यालाच माहीत. मग घंटा दिली.

गाडी हलली. आणि शर्ट सैल झाला.

घरी आला तेव्हा बायको दारातच होती. रात्रभर झोपली नव्हती बिचारी. तोंडाचा पट्टा सुरू करणार, तेवढ्यात तो घरात जायला वळला आणि तिला त्याची पाठ दिसली. मग म्हणाली, "अहो… मागे कोणाला बसवलं होतं?"

तो शर्ट माझ्याकडे आला. कापडाची कामं करून माझे केस पांढरे झाले, चुरगळलेलं काय असतं ते मला शिकवायला नको. पाणी मारलं, इस्त्री कडक तापवली, फिरवली. सपाट झालं. घडी घालून फळीवर ठेवला. संध्याकाळी घडी उघडली, तर पाठीवर दोन्ही बाजूंना कापड पुन्हा गोळा झालेलं. म्हटलं, माझ्याच हाताचा दोष असेल. दुसऱ्या दिवशी धुतला, खळ घातली, पुन्हा इस्त्री केली. तिसऱ्यांदाही केली.

गरम असतो तोवर ठीक असतं. गार झाला की मुठी परत येतात. दोन. लहान हाताच्या. बोटंसुद्धा मोजता येतात.